परत आलेला पैसा कोणाच्या नावावर?

सापळ्याच्या दिवशी तक्रारदार स्वतःच्या नोटा घेऊन येतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे कर्मचारी पंचांसमोर त्या नोटांचे क्रमांक लिहून घेतात, त्यांना फिनॉल्फ्थॅलीनची पांढरी पूड लावतात आणि त्या त्याच्याच खिशात परत ठेवतात. फेरफार नोंदीसाठी पाच हजार मागणारा त्या नोटा घेतो, इशारा होतो, पथक धावते. सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बोटे बुडवली की पाणी गुलाबी होते. ते पाणी बाटलीत सीलबंद होते, नोटांचा मुद्देमाल होतो आणि खटला लागेपर्यंत त्या कपाटात पडून राहतात. म्हणूनच सापळ्यात गेलेली रक्कम तक्रारदाराला सरकारकडून भरून देण्याची सोय आहे. त्याचे अडलेले कायदेशीर काम मार्गी लावून देण्याची हमीही विभाग देतो.

भ्रष्टाचाराने नाडलेल्या माणसाला भरपाई देण्याची आपल्याकडची ही बहुधा सर्वांत सरळ व्यवस्था. पण ती पोचते फक्त त्या एका दिवसाच्या नोटांपर्यंत. आधी दिलेले दोन हप्ते, तालुक्याला घातलेले खेटे, बुडालेली मजुरी, सातबाऱ्यावर नाव न लागल्याने हुकलेले पीककर्ज, यांपैकी कशाचाच पंचनामा होत नाही. आणि ज्याने निमूटपणे लाच देऊन काम करून घेतले, तो तर पीडितांच्या रांगेत उभाही राहू शकत नाही. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवले तरच सुटका. अडवणूक झालेला शेतकरी आठव्या दिवशी आरोपी होऊ शकतो, ही तरतूद कोणत्या तालुका कचेरीचा अनुभव समोर ठेवून लिहिली असेल, असा प्रश्न पडतो.

चोरी झाली की फिर्यादी असतो. भ्रष्टाचारात फिर्यादी बहुतेक वेळा सरकारच असते आणि पुष्कळदा आरोपीही सरकारातलाच असतो. या विषयातली निम्मी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

संयुक्त राष्ट्रांनी ऑक्टोबर २००३ मध्ये भ्रष्टाचारविरोधी करार स्वीकारला आणि तो डिसेंबर २००५ मध्ये अमलात आला. भारताने २०११ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. चोरलेली मालमत्ता मूळ देशाला परत करणे हे मूलभूत तत्त्व आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. शिवाय भ्रष्टाचारामुळे ज्याचे नुकसान झाले, त्याला भरपाईसाठी कोर्टात दाद मागता यावी असे एक स्वतंत्र कलमही आहे. यांपैकी पहिल्या तत्त्वावर गेल्या वीस वर्षांत परिषदा, करार, खास संस्था, सगळे उभे राहिले. दुसरे कलम बहुतेक देशांत कागदावरच राहिले. देशाला देश पैसे देतो, त्याचे फोटो निघतात. माणसाच्या हातात काय पडले, हे पाहायला सहसा कोणी थांबत नाही.

अशा परतीची सर्वांत लांबलेली कहाणी फिलिपिन्सची. फेब्रुवारी १९८६ मध्ये फर्डिनांड मार्कोस आणि इमेल्डा देश सोडून हवाईला पळाले. तीनच दिवसांनी नव्या राष्ट्राध्यक्षा कोराझोन अक्विनो यांनी पहिलाच वटहुकूम काढला, तो लुटीचा माल शोधणाऱ्या आयोगाचा. महिन्याभरात स्वित्झर्लंडने मार्कोस यांची खाती गोठवली. १९६८ मध्ये झुरिकच्या बँकेत ती उघडताना नवऱ्याने ‘विल्यम सॉन्डर्स’ आणि बायकोने ‘जेन रायन’ अशी नावे घेतली होती. इमेल्डाबाईंच्या चपलांची चर्चा जगभर झाली, पण खरी गोष्ट या दोन नावांत होती. गोठवलेल्या खात्यातला पैसा मनिलाच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारजमा करेपर्यंत २००३ उजाडले. रक्कम होती सुमारे ६५ कोटी ८० लाख डॉलर.

मग तो कोणाचा? फिलिपिन्सच्या कायद्यानुसार असा पैसा जमीन सुधारणेच्या कार्यक्रमाला जायचा. मार्कोस यांच्या लष्करी कायद्याच्या राजवटीत तुरुंगात सडलेल्या, छळ सोसलेल्या, घरचा माणूस कायमचा बेपत्ता झालेल्या लोकांनी मात्र त्यावर हक्क सांगितला. अखेर २०१३ मध्ये, पलायनाच्या सत्ताविसाव्या वाढदिवशी, यातले १००० कोटी पेसो अशा पीडितांसाठी राखून ठेवणारा कायदा झाला. दावे तपासायला मंडळ नेमले गेले. पंचाहत्तर हजारांहून अधिक अर्ज आले. मंडळाने गुणपद्धत वापरली: ठार किंवा बेपत्ता झालेल्याला दहा गुण, छळ किंवा बलात्कार सोसलेल्याला सहा ते नऊ, कोठडीत राहिलेल्याला तीन ते पाच. वेदनेला असे गुण देणे कोणालाही खटकेल. पण त्या गुणांमुळेच ११,१०३ लोक नावानिशी यादीत आले आणि त्यांना धनादेश मिळाले. अर्ज फेटाळलेल्यांची संख्या त्याच्या पाच पटींहून अधिक. चाळीस वर्षांपूर्वीच्या अटकेचा कागद कोण जपून ठेवतो? आणि २०२२ मध्ये त्याच देशाने मार्कोस यांच्या मुलाला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून दिले.

नायजेरियाचा धडा निराळा. जनरल सानी अबाचा यांनी १९९३ ते १९९८ एवढीच वर्षे राज्य केले, पण देशाच्या मध्यवर्ती बँकेतून ‘सुरक्षेच्या कामासाठी’ अशी पत्रे देऊन रोकड उचलण्याची त्यांची रीत इतकी धडधडीत होती, की लुटीचे अंदाज तीन ते पाच अब्ज डॉलरपर्यंत जातात. स्विस सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अबाचा आणि त्यांच्या साथीदारांच्या टोळीला गुन्हेगारी संघटना ठरवले. त्यामुळे पैसा स्वच्छ असल्याचे सिद्ध करायची जबाबदारी कुटुंबावर आली आणि अडकलेला पैसा मोकळा झाला; स्वित्झर्लंडने एकूण सुमारे ७० कोटी डॉलर परत केले. हा पैसा नायजेरियाच्या अर्थसंकल्पात मिसळला: रस्ते, शाळा, दवाखाने, वीज. नागरी संघटनांचे लोक प्रत्यक्ष पाहायला गेले, तेव्हा काही कामे अर्धवट सापडली. एकदा तिजोरीत मिसळलेला पैसा ओळखायचा कसा? नदीत ओतलेली घागर पुन्हा भरून काढता येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी, २०१७ मध्ये, आणखी ३२ कोटी डॉलर परत करताना स्वित्झर्लंडने अट घातली: हा पैसा जागतिक बँकेच्या देखरेखीखाली थेट गरीब कुटुंबांना जाईल. कुटुंबाला महिन्याला पाच हजार नायरा. त्यासाठी आधी गावोगावी गरिबांची नोंदवही करावी लागली आणि वाटपावर स्थानिक संस्थांनी नजर ठेवली. रक्कम चिमुकली, पण ती कोणाला मिळाली हे सांगता येत होते. त्यानंतर २०२० मध्ये जर्सी बेटावरून आलेले सुमारे ३१ कोटी डॉलर मात्र दोन महामार्ग आणि नायजर नदीवरचा दुसरा पूल यांना गेले. पूल बांधून झाला, गाड्या धावतात, हेही खरेच. तरी लुबाडलेल्या माणसाचा माग पुलावर लागत नाही.

कझाकस्तानात तर सरकारच्या हातात पैसा द्यायचाच नाही, असे ठरले. तेलाच्या परवान्यांसाठी दिलेल्या लाचेचे म्हणून स्विस बँकांत गोठवलेले ८ कोटी ४० लाख डॉलर कझाक, अमेरिकी आणि स्विस सरकारांनी २००७ मध्ये एका स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे सोपवले. नाव ‘बोता’, म्हणजे उंटाचे पिल्लू. मूल बालवाडीत पाठवले, आईने तपासण्या केल्या, की घरी पैसे. गरीब घरातल्या हुशार मुलांना शिष्यवृत्ती. २०१४ मध्ये काम संपवून प्रतिष्ठान बंद झाले, तोवर ते दोन लाखांहून अधिक लोकांपर्यंत पोचले होते. ज्यांच्या अमलात चोरी झाली तेच सत्तेत असताना पैसा परत कसा करायचा, याचे इतके नीट उत्तर पुन्हा फारसे कोणी दिले नाही.

विषुववृत्तीय गिनीत तीच अडचण होती. राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव तेओदोरिन ओबियांग हेच देशाचे उपराष्ट्राध्यक्ष. त्यांच्याकडून जप्त केलेल्या पंचवीस गाड्यांचा लिलाव सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हाजवळच्या गोल्फ क्लबवर झाला. एकट्या लॅम्बोर्गिनी वेनेनोला ८३ लाख डॉलर आले, सगळ्या मिळून सुमारे २ कोटी ७० लाख. अमेरिकेने त्यांचा मालिबूतला बंगला विकायला लावला आणि त्या पैशातला मोठा भाग २०२१ मध्ये करोना लशींसाठी दिला. मायकेल जॅक्सनचा चमचमता हातमोजा मात्र तडजोडीत चिरंजीवांकडेच राहिला.

आता दुसरी बाजू, ज्यावर कमी बोलले जाते. लाच देणाऱ्या कंपन्या बहुतेक श्रीमंत देशांतल्या असतात, दंडही तिथेच भरतात, आणि दंडाचा पैसा तिथल्याच तिजोरीत जातो. जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रे यांच्या संयुक्त उपक्रमाने १९९९ ते २०१२ च्या मध्यापर्यंतच्या ३९५ तडजोडी तपासल्या. ज्यांच्या अधिकाऱ्यांना लाच दिली ते देश वेगळेच होते, अशा प्रकरणांतले दंड जवळपास सहा अब्ज डॉलर भरले. त्यातले १९ कोटी ७० लाख, म्हणजे ३.३ टक्के, त्या देशांकडे परत गेले. आफ्रिकेतल्या एखाद्या मंत्र्याला चारलेल्या लाचेवर वॉशिंग्टनची तिजोरी भरावी, याला न्याय म्हणणे जिवावर येते.

कोस्टा रिकाने हे सहन केले नाही. अल्काटेल कंपनीने तिथल्या सरकारी दूरसंचार संस्थेचे अधिकारी विकत घेतले होते. कोस्टा रिकाने ‘सामाजिक हानी’ची कल्पना पुढे करून २०१० मध्ये कंपनीकडून १ कोटी डॉलर वसूल केले. वायरी, टॉवर, कंत्राटाची फुगलेली किंमत एवढ्यापुरते नुकसान न मोजता देशाच्या विश्वासाला गेलेला तडाही हिशेबात धरायचा, असा तो विचार. पण तीच दूरसंचार संस्था अमेरिकेच्या न्यायालयात पीडित म्हणून गेली, तेव्हा न्यायालयाने तिला उभे केले नाही. तुमचे संचालकच कटात होते, मग तुम्ही पीडित कसे? फायली सरकवणारे आणि फायलींत अडकलेले दोघेही एकाच दाराने आत येतात, हा पेच न्यायालयाने एका वाक्यात उघडा केला. टांझानियाला मात्र बीएई कंपनीने रडार विक्रीच्या प्रकरणात २ कोटी ९५ लाख पौंड दिले आणि त्यांतून शाळांची पाठ्यपुस्तके व बाके घेतली गेली. बाकावर मूल बसते, ते मोजता येते.

भारतात हा विषय गाजतो तो बहुतेक वेळा मोठ्या आकड्यांनी. डिसेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत सांगितले, की अंमलबजावणी संचालनालयाने २२,२८० कोटी रुपयांची मालमत्ता हक्कदारांना परत मिळवून दिली. त्यात विजय मल्ल्या प्रकरणातलेच १४,१३१ कोटी, नीरव मोदी प्रकरणातले १,०५२ कोटी. ‘हक्कदार’ शब्द इथे नीट वाचायला हवा. ते प्रामुख्याने बँका होत्या. मुंबईतल्या फोर्ट भागातल्या ब्रॅडी हाउस शाखेतून हमीपत्रे सुटली, पंजाब नॅशनल बँकेला भगदाड पडले, आणि सरकारी बँका तगवायला केंद्राने करदात्याच्या पैशातून भांडवल ओतले. लिलावातून आलेला पैसा बँकेत गेला, हे बरोबरच. पण ज्याने ते भांडवल भरले, त्याला कोणी ‘परत मिळाले’ असे कळवत नाही आणि कळवायला त्याचे नावही कोणाकडे नाही.

नाव असेल तर गोष्ट थोडी बदलते. ठेवीदाराकडे पासबुक असते. महाराष्ट्राने १९९९ मध्ये ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा कायदा केला, तो एमपीआयडी या नावाने वर्तमानपत्रात आणि कोर्टात रोज भेटतो. त्यात सक्षम प्राधिकारी, म्हणजे बहुधा उपजिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, कंपनीची जमीन, फ्लॅट, गाड्या जप्त करून विशेष न्यायालयापुढे नेतो. कायदा चांगला आहे. पण लिलाव, हरकती, अपिले यांत म्हाताऱ्या ठेवीदारांची पुढची पिढी कागद सांभाळू लागते. पीएमसी बँकेत २१,०४९ बनावट खात्यांच्या आड एकाच बांधकाम गटाची कर्जे दडवली गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा खातेदाराला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येतील असे सांगितले गेले. शीव, मुलुंड, भांडुपच्या शाखांबाहेरची ती गर्दी मुंबईकर विसरणार नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्समध्ये विलीन झाली. पाच लाखांच्या विम्यात बसणारे लवकर मोकळे झाले, मोठ्या ठेवी दहा वर्षांच्या हप्त्यांवर गेल्या. सत्तरीतल्या ठेवीदाराला दहा वर्षांचा हप्ता, हा हिशेब कोणत्या टेबलावर मांडला गेला असेल!

सहारा समूहाच्या गुंतवणूकदारांचा अनुभव बोलका आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये पैसे परत करायला सांगितले. सेबीकडे पैसा जमला, पण खरे मागणारे पुरेसे पुढे आले नाहीत, म्हणून तो पडून राहिला. मार्च २०२३ मध्ये त्यातले ५,००० कोटी सहाराच्या सहकारी संस्थांच्या ठेवीदारांसाठी वळवले गेले, जुलैत संकेतस्थळ सुरू झाले. परताव्याची मर्यादा आधी दहा हजार, मग पन्नास हजार. आधारला जोडलेला मोबाइल हवा, नाव हुबेहूब जुळायला हवे. रोजच्या वीस-वीस रुपयांनी एजंटकडे पैसे भरलेल्या बाईचे नाव पासबुकावर एक आणि आधारवर दुसरे असते.

बिहारने वेगळी वाट धरली. २००९ च्या विशेष न्यायालय कायद्याने खटला संपण्याआधीच बेहिशेबी मालमत्ता सरकारजमा करता येऊ लागली. सप्टेंबर २०११ मध्ये एका निलंबित आयएएस अधिकाऱ्याचा पाटण्यातला बंगला ताब्यात घेऊन तिथे गरीब मुलांची शाळा भरवली गेली. निर्दोष सुटल्यास मालमत्ता किंवा तिची किंमत पाच टक्के व्याजासह परत, अशी तरतूद कायद्यातच आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. फळा, खडू, दिवाणखान्यात बसलेली पोरे, हे चित्र इटलीने जास्त मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. १९९६ च्या कायद्यानंतर तिथे माफियांच्या जप्त जमिनींवर सहकारी संस्था गहू आणि द्राक्षे पिकवतात, आणि पास्त्याच्या पाकिटावर तसे छापतात.

गोव्यात चोरी झाली ती जमिनीच्या पोटातली. न्या. एम. बी. शहा आयोगाने २०१२ मध्ये बेकायदा लोहखनिज उत्खननाचे नुकसान ३५,००० कोटी मांडले. तो आकडा वादग्रस्त ठरला, वसुली त्याच्या आसपासही गेली नाही. तरी एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक वेगळे बी पेरले: खनिज विक्रीतला दहा टक्के भाग कायमस्वरूपी निधीत. खनिज एकदा खणले की संपते, म्हणून त्याची किंमत पुढच्या पिढ्यांचीही. जन्माला न आलेला गोंयकार पीडितांच्या यादीत आला, निदान कागदावर.

महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागातले प्रकरण याच्या अगदी उलट टोकाचे. २००४ ते २००९ या काळात आदिवासींसाठीच्या योजनांत झालेल्या गैरव्यवहारांची चौकशी करायला मुंबई उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांची समिती नेमली. २०१७ मध्ये अहवाल आला. पंप, पाइप, दुभती जनावरे. कागदावर वाटप झालेले, प्रत्यक्षात न पोचलेले किंवा निकृष्ट दर्जाचे. मग अहवाल तपासायला आणखी एक समिती. गुन्हे दाखल करणे, विभागीय चौकशा, हे सगळे सुरू झाले. पण नंदुरबारच्या ज्या शेतकऱ्याला पंप मिळाला असे रजिस्टर सांगते आणि ज्याच्या विहिरीवर पंप कधी बसलाच नाही, त्याला आता तो पंप द्या, असे म्हणणारा कागद या ढिगात शोधूनही सापडणे अवघड. तो लाभार्थी म्हणून यादीत आहे, पीडित म्हणून नाही.

जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०७ व्या कलमात एक नवी वाट आहे. गुन्ह्यातून आलेली मालमत्ता न्यायालयाने जप्त केली, की जिल्हादंडाधिकाऱ्याने ती साठ दिवसांत बाधितांमध्ये वाटायची. दावेदार नसतील तर ती सरकारजमा. साठ दिवस! एमपीआयडीची प्रकरणे वर्षानुवर्षे ज्या कचेऱ्यांत रेंगाळतात, जिथे निवडणुका, भूसंपादन, दुष्काळ अशी सगळी कामे येऊन पडतात, तिथेच ही यादीही बनायची आहे. आणि दावेदार नाही म्हणून सरकारजमा झालेला पैसा पुन्हा त्याच नदीत.

यादी कशी बनते, हे राजस्थानातल्या लोकांनी एकदा दाखवून दिले होते. मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी कोट किराना गावात पहिली जनसुनावणी घेतली. कचेरीतून मिळवलेली हजेरीपत्रके उघड्यावर, गावासमोर वाचली गेली. पुढे अनेक गावांत हे झाले. १९९८ मध्ये कुकरखेड्याच्या सरपंचबाईंनी भर सुनावणीत पैसे परत करण्याचे कबूल केले. न्यायालय नाही, स्विस बँक नाही, लिलाव नाही. हजेरीपत्रकातले एकेक नाव मोठ्याने पुकारायचे, कोणाचे किती दिवस आणि किती मजुरी लिहिली ते सांगायचे. मग गर्दीतून एखादा उठून म्हणायचा, त्या कामावर आपण गेलोच नव्हतो. एखादी बाई म्हणायची, अकरा दिवस लिहिलेत, हातात चारच दिवसांचे पडले. आणि एखाद्या नावावर कोणीच उठत नसे, कारण तो माणूस केव्हाच वारलेला असे.